गुणवंतरावांची फुंकर

हिरा निवडायला आपल्याला भिंग लागत नाही, असं गुणवंतराव बोरकुटे सावली गावच्या चौकातल्या टपरीवर चार माणसांदेखत बोलून बसले, आणि पुढचं सगळं तिथूनच ओढवलं.

"गिरणीत तीस वर्षं झाले मले," ते बशीतला चहा फुंकत म्हणाले. "मूठभर तांदूळ हातावर घेतला का सांगतो, कधी कापला, किती दिवस ठेवला, भरडताना मशीन कोनं चालवली. हिरा म्हंजे काय? दाणाच तो. जरासा महाग दाणा!"

टपरीवर कोणी हसलं नाही. कारण गुणवंतरावांच्या नजरेला खरंच तोड नव्हती. सावलीच्या राईस मिलमध्ये पोतं आलं की नमुना आधी त्यांच्यापुढे जाई. मूठभर दाणे ते तळहातावर घेत, हात हलकेच वर उडवत आणि गाल फुगवून अशी एक फुंकर मारत की कोंडा थेट दाराबाहेर जाई आणि दाणे परत हातात पडत. मग बोटानं एकेक दाणा बाजूला सारत खोडी काढणं सुरू. हा तुटका, हा पिवळा, हा पोटात पांढरा. गुणवंतरावांनी पास केलं म्हणजे देवानं पास केलं, असं गिरणीचा मालकही म्हणे.

अडचण एवढीच, की ही नजर संध्याकाळी गिरणीत खुंटीला टांगून घरी यायची सोय नव्हती. बायको वच्छलाबाई ताट वाढून निकाल ऐकायला उभ्या राहिल्यासारख्या उभ्या राहत आणि निकाल रोज नापासाचाच लागे. आज भात मऊ, उद्या फडफडीत, परवा मीठ पुढं. बिचाऱ्या बाईनं अठ्ठावीस वर्षांत एकदाही 'चांगलं झालं' हे दोन शब्द ऐकले नव्हते. आता घरातल्या घरात हे चाललं असतं तर चाललं असतं. पण गुणवंतरावांनी हीच नजर सिंदेवाहीला नेली.

त्यांचा एकुलता एक निकेश बल्लारपूरला कागद कारखान्यात कामाला. गडचिरोलीला नर्स असलेल्या दिव्यानीशी त्याचं जमलं होतं. दोन्ही घरं एकाच समाजातली, मध्ये डोमाजी नावाचा मध्यस्थ घातला आणि बोलणीही झाली. दिव्यानीला वडील नव्हते. आई बायनाबाई, सिंदेवाहीला चार एकर धानाची शेती एकटीनं ओढणारी, तिच्या शब्दावर सगळं घर चालायचं. तिनं पाहुण्यांना जेवायला बसवलं, हातानं तूप वाढायला घेतलं, आणि गुणवंतरावांनी ताटातला भात बोटानं पसरून, सवयीनं, अगदी सवयीनं म्हटलं, "भाताले चव हाय, पन कणी लय हाय."

बायनाबाईचा तुपाचा चमचा जागच्या जागी थांबला. वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. निकेशनं डोळे मिटून घेतले.

त्यानंतर आठ दिवस सिंदेवाहीहून फोन नाही. मग डोमाजीच सांगत आला की साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तर बायनाबाईनं धरली आहे, दोन्ही अंगठ्या चंद्रपूरच्या एकाच सराफाकडे करायचंही ठरलं आहे, पण बाईचं तोंड उतरलेलं आहे. मुलीची अंगठी तरी अशी आणा, की नाव ठेवायला जागा नको. निकेशचा फोन तर त्याहून वाईट होता. त्याला शिफ्टमुळे सुट्टी मिळत नव्हती. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, हे सोयरीक मोडली तं मी दुसरी पोरगी पाहनार नाई. तेवढं ध्यानात ठेवा. तिले ते रोज गोल्ड, गुलाबी सोनं, आवडते, त्यात एक हिरा. दुकानवाले देतीन तो घ्या आन् गुपचूप घरी या."

गुणवंतरावांना पोराची काळजी नव्हती असं कोणी म्हणू नये. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पण काळजी वाटली की माणूस आपल्याला जे येतं तेच जास्त जोरानं करतो. त्यांनी ठरवलं, टपरीवर बोललो तसं भिंगाशिवाय असा हिरा निवडायचा की विहीणबाईनं तोंडात बोट घालावं. आणि सकाळच्या एसटीनं, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, ते चंद्रपूरला पोचले.

दुकान मोठं, काचेचं, आत थंडगार. काउंटरवर रंजीता नावाची मुलगी होती, चुणचुणीत, बोलायला गोड. तिनं हिरा अजून बसवायचा असलेली रोज गोल्डची अंगठी पुढं ठेवली, तेव्हा गुणवंतरावांचा चेहरा पहिल्यांदा पडला.

"हे तं तांबं दिसते, बाई."

रंजीतानं समजावलं की काका, सोन्यातच थोडं तांबं मिसळतात, म्हणून हा गुलाबी रंग येतो, आजकालच्या मुलींना हाच आवडतो. गुणवंतरावांना भेसळीचं इतकं उघड कौतुक आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. पण निकेशचा आवाज कानात होता, म्हणून ते गप्प बसले. मग रंजीता म्हणाली की मुलीच्या बोटाचं माप तिच्या आईकडे आहे, त्यांचा सकाळीच फोन आला होता, बाराच्या सुमारास त्या दुकानात येणार आहेत.

"कोन? बायनाबाई? इथी?"

"हो ना काका. तुम्ही बसा, त्या आल्या की दोघं मिळून निवडा."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. गुणवंतराव खुर्चीत ताठ बसले. दोघं मिळून निवडा म्हणजे काय? विहीणबाई येईपर्यंत हिरा निवडून, खोडी काढून, हातावर तयार पाहिजे! त्यांनी रंजीताला माल काढायला लावला.

तिनं पांढऱ्या कागदाच्या पुड्या उघडून सहा सुटे हिरे ट्रेमध्ये ओळीनं मांडले. चिमट्यानं एकेक उचलून ती सांगू लागली, याची चमक अशी, याचा रंग तसा. गुणवंतरावांनी दुरूनच निकाल दिला की शेवटचा बाद, तो पिवळट आहे. रंजीता हसली. म्हणाली, काका, पांढऱ्या कागदावर पिवळट दिसतो, पण गुलाबी सोन्यात बसला की असाच हिरा छान दिसतो आणि परवडतोही. गुणवंतरावांनी हात झटकला. पिवळा दाणा तो पिवळा दाणा, मग तो कुठल्याही पोत्यात घाला. रंजीता म्हणाली, थांबा, भिंगातून दाखवते, आणि भिंग आणायला मागं वळली.

तेवढाच काय तो वेळ मिळाला. गुणवंतरावांनी ट्रे उचलला, सहाच्या सहा हिरे तळहातावर ओतले, नमुना उजेडाला धरला, हात हलकेच वर उडवला, गाल फुगवले आणि तीस वर्षांच्या सवयीची फुंकर मारली.

कोंडा नव्हता. त्यामुळे उडायला हिरेच उरले होते.

रंजीता वळली तेव्हा गुणवंतराव रिकाम्या तळहाताकडे बघत बसले होते. तांदळाचा दाणा कसा परत हातावर येऊन निवांत पडतो, आणि ही जात? गुळगुळीत, टोकदार, एकही परत आला नाही. "काका, हिरे?" तिनं विचारलं. गुणवंतरावांनी दुसऱ्या हातानं दुकानभर एक गोल काढून दाखवला.

आतून शेठ आले ते ओरडतच. "कोई हिलना नहीं!" त्यांनी पंखा बंद केला, एसी बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं हे नशीब. शेठ, रंजीता आणि गुणवंतराव, तिघं गालिच्यावर रांगू लागले. पहिला हिरा ट्रेखालीच सापडला. दुसरा शेठच्या वहीच्या घडीत. तिसरा लक्ष्मीच्या फोटोपुढच्या फुलांत जाऊन बसला होता, तिथं शेठनं आधी हात जोडले आणि मग तो उचलला. चौथा रंजीताच्या अंबाड्यातून निघाला. पाचवा गुणवंतरावांसाठी मागवलेल्या चहाच्या तळाशी होता आणि तो काढण्यासाठी आख्खा चहा गाळावा लागला.

सहावा नाही.

गुणवंतरावांनी बूट काढले, मोजे उलटे केले, खिसे बाहेर काढले, पँटच्या दुमडी सोडल्या. शेठनं कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. पडद्यावर गुणवंतराव दिसले, गाल भोपळ्यासारखे फुगलेले, डोळे ध्यान लागल्यासारखे अर्धवट मिटलेले. मग फूऽऽ. शेठनं ते मागं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा फूऽऽ. चौथ्यांदा लावलं तेव्हा शेठच्या रागातून हसू फुटायला लागलं होतं आणि गुणवंतरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. हिरा मात्र कुठं गेला ते कॅमेऱ्यालाही दिसलं नाही.

तेवढ्यात निकेशचा फोन. "बाबा, झाला का पसंत?"

"चाळून राह्यलो," गुणवंतराव काउंटरखालून म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

त्यांचा जीव आता खरंच घाबरा झाला. हिरा भरून द्यावा लागेल, ते देऊ, पगारातून कापून घ्या म्हणू. पण बाराला पाच कमी होते. विहीणबाई येणार, आपल्याला या अवस्थेत बघणार. भाताला नावं ठेवणारा माणूस सराफाच्या दुकानात मोज्यांशिवाय रांगतो आहे! तिच्या मनातली उरलीसुरली सोयरीक तिथंच संपणार, आणि पोरगा जन्मभर आपल्याकडे बघणार नाही. त्यांना वच्छलाबाईंची फार आठवण आली. ती असती तर निदान 'काऊन केलं असं' म्हणून ओरडली तरी असती.

"इवाई?"

अर्ध्या शटरखालून वाकून बायनाबाई व्याह्यांना शोधत आत बघत होती. गुणवंतरावांनी उठायला घेतलं आणि काउंटरला डोकं आपटलं. टाळू चोळत, अनवाणी, गालिच्याची लव शर्टाला चिकटलेली, ते विहीणबाईसमोर उभे राहिले. सांगण्यासारखी थाप त्यांना एकही सुचली नाही. सुचली असती तरी पडद्यावर त्यांचे फुगलेले गाल अजून तसेच थांबलेले होते.

"इनबाई, माहं चुकलं," ते म्हणाले. "सहा हिरे होते. तांदूळ समजून फुंकर मारली. पाच भेटले. एक नाई भेटून राह्यला."

बायनाबाईनं पडद्याकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं, त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचला आणि रंजीताला म्हणाली, "बाजारातून एक सूप आन. वीण बारीक पाहून आन, मायबाई. आन् एक पांढरी चादर."

शेठ म्हणाले, बाई, हे सराफाचं दुकान आहे. बायनाबाई म्हणाली, "मंग काय झालं? हिरा हलका असते का जड?" शेठ म्हणाले, कचऱ्यापेक्षा जडच. "मंग झालं तं," बायनाबाई म्हणाली.

गालिचा चादरीवर झटकला गेला. कोपरे, फटी, काउंटरखालची जमीन, सगळं बारीक झाडूनं ओढून घेतलं. ते सुपात घेऊन बायनाबाई जमिनीवर मांडी घालून बसली आणि पाखडायला लागली. गुणवंतरावांनी आयुष्यात यंत्रं पुष्कळ पाहिली होती, चाळण्या पाहिल्या होत्या, पण असा हात पाहिला नव्हता. फट्, फट्, फट्, आणि मध्येच एक गोल घोळ. धूळ उडाली ती शेठच्या पांढऱ्या झब्ब्यावर. सुपारीची खांडकं पुढं आली, गालिच्याची लव उडाली, बिस्किटाचा चुरा गेला. मागं उरल्या दोन टाचण्या, एक मणी, साखळीचा तुटका फासा, आणि सुपाच्या मुळाशी, अगदी कडेला, दोन चमकते खडे.

"दोन काऊन?" गुणवंतराव म्हणाले.

रंजीतानं दोन्ही चिमट्यानं उचलले. एकावर तिनं तोंडाची वाफ सोडली, तो आरशासारखा धुरकटला आणि तसाच राहिला. तो काचेचा, कुणाच्या तरी कानातला गळलेला. दुसऱ्यावर सोडलेली वाफ लागल्या क्षणी निघून गेली. "हा हिरा," ती म्हणाली. "काका, तुम्हाला करून बघायचंय?" गुणवंतरावांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

शेठ खुर्चीत बसले आणि तीन कप चहा मागवला. रंजीता काट्यावर एकेक हिरा मोजून ज्याच्या त्याच्या पुडीत ठेवू लागली. गुणवंतराव भिंतीशी उभे राहून नुसते श्वास घेत होते. इतका मोकळा श्वास त्यांनी पोरगा दहावी पास झाला त्या दिवशीही घेतला नसेल.

मग शेठ म्हणाले, आता निवडून टाका एकदाचा. गुणवंतराव म्हणाले, "इनबाई सांगतीन तो."

बायनाबाईनं ती गुलाबी अंगठी हातात घेतली आणि एकेक हिरा तिच्यावर धरून पाहिला. सहावा धरला तेव्हा तिचा हात थांबला. कागदावर पिवळट दिसणारा तो दाणा त्या रंगात असा उजळला होता, जसा चुलीच्या उजेडात माणसाचा चेहरा उजळतो.

"हा," ती म्हणाली.

"पण मावशी, आधीच सांगते," रंजीता म्हणाली, "याच्यात भिंगातून एक बारीक ठिपका दिसतो. नुसत्या डोळ्यानं नाही दिसत."

बायनाबाईनं मान वळवून गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांच्या जिभेवर तीस वर्षांची गिरणी उभी राहिली. पिवळट, आणि त्यात डाग! असला दाणा त्यांनी पोत्यासकट परत पाठवला असता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, घोटभर थुंकी गिळली.

"असू द्या ना ठिपका," ते म्हणाले. "दिसते कोनाले?"

बायनाबाईनं अंगठी खाली ठेवली. कमरेचा पदर सोडून नीट खांद्यावर घेतला आणि कनवटीची चिठ्ठी काढून रंजीताकडे सरकवली. ती दिव्यानीच्या बोटाच्या मापाची नव्हती. निकेशच्या अंगठीसाठी दिलेल्या विसाराची पावती होती.

"इवाई, मी आज माप द्याले नाई आली होती," ती म्हणाली. "विसार वापस घ्याले आली होती. सोयरीक मोडून टाकावं असं म्हनत होती मी."

गुणवंतरावांनी हातातला चहा खाली ठेवला.

"माही पोरगी दिवसभर दवाखान्यात पेशंटचं बोलनं खाते. घरी येऊन तुमच्यापुढं ताट वाढून उभी राहीन, आन् तुम्ही त्यात बोट फिरवान. मले झोप नव्हती पंधरा दिवस. आन् तो तांदूळ, तुम्ही येनार म्हनून मी मुद्दाम सावलीच्या तुमच्याच गिरणीतून मांगवला होता."

शेठनं खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि आत निघून गेले. गुणवंतरावांचे कान लाल झाले. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांचाच नमुना त्यांच्या तळहातावर ठेवला होता. ते म्हणाले, "मंग आता?"

"आता काय?" बायनाबाई म्हणाली. "अनवानी रांगलेला मानूस कोनाच्या ताटात बोट घालनार हाय? राहू द्या विसार. पोराची अंगठी कधी भेटते विचारा." आणि मग ती हसली, आणि तिचं हसू पाहून गुणवंतरावांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवलेही नाहीत. दिव्यानीचं माप म्हणून तिनं स्वतःचीच करंगळी पुढं केली. म्हणाली, पोरीचं अंगठीचं बोट माझ्या या बोटाएवढं आहे, लहानपणापासून मोजत आली.

बसस्टँडवर गुणवंतरावांनी विहीणबाईला सिंदेवाहीच्या गाडीत खिडकीची जागा धरून दिली, नवीन सूप वरती नीट ठेवून दिलं. मग निकेशला फोन केला. "झालं," ते म्हणाले. "इनबाईनं पसंत केला. मी नाई केला." निकेशनं विचारलं, बाबा, तुम्हीच बोलता ना?

दिवेलागणीला ते घरी पोचले. वच्छलाबाईंनी हातपाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं आणि नेहमीसारख्या उभ्या न राहता ओट्याकडे तोंड करून भांडी आवरू लागल्या. गुणवंतराव जेवू लागले. वरण, भात, वालाच्या शेंगांची भाजी. तिसऱ्या घासाला त्यांच्या दाढेखाली कर्रकन आवाज झाला. स्वयंपाकघरभर ऐकू जाईल असा.

वच्छलाबाईंचा हात भांड्यावर थांबला.

गुणवंतरावांनी खडा जिभेनं गालात सारला. मग बोटानं काढून हळूच ताटाच्या कडेखाली सरकवला. पाणी प्यायले. म्हणाले, "वरण चांगलं झालं."

वच्छलाबाई वळल्या. जवळ येऊन त्यांनी आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्या पाट ओढून समोर बसल्या, आणि कित्येक वर्षांनी त्यांनी आपलंही ताट तिथंच घेतलं.

"सिंदेवाहीहून इनबाईचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "म्हने, तुमचा मानूस सुधरला. मले काई खरं नाई वाटलं. म्हनून तो खडा मीच टाकला."

गुणवंतराव चावायचे थांबले.

"दोन टाकले होते," वच्छलाबाई भात कालवत म्हणाल्या. "दुसरा जपून खा."